वाट मोजली, मग ट्रेलर उचलला

गोव्यात फोंड्याला, माझ्या शेडमध्ये, तो कॅरॅव्हॅन ट्रेलर (गाडीमागे ओढायचं छोटं घर) आला तेव्हा त्याच्या पोटाला पोफळीच्या झावळीचा तुकडा लटकत होता आणि सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व मुळापासून मोडला होता. सोबत काका आणि काकी. काका बँकेतून निवृत्त झालेले. मला लहानपणापासून ओळखतात, म्हणून हक्कानं 'तू' म्हणतात. त्यांचं मागणं सरळ होतं. "पाच इंच वर घे. टायर मोठे घाल. पुढच्या आठवड्यात परत जायचंय."

काकी गप्प होत्या, पण त्यांच्या हातात एक वही होती. तिच्याकडे मी नंतर येतो.

आधी हा ट्रेलर कशासाठी घेतला ते सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरले. काकींचं माहेर सत्तरीत, वाळपईच्याही पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला. घर पडलं, कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, राहिलं. भाऊ कुळागर बघतो, पण राहतो वाळपईत. दिवाळी झाली की दोन-तीन रात्री तिथे पोफळींखाली काढाव्यात, सकाळी वहाळाचा (ओढ्याचा) आवाज ऐकत चहा घ्यावा, एवढ्यासाठी या दोघांनी जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर विकत घेतला होता. लडाखला किंवा स्पितीला जायचा विचारही नव्हता. त्यांच्या प्रवासातला खरा अडथळा एकच होता: डांबरी रस्ता संपल्यावर कुळागरापर्यंतची २.३ किलोमीटरची कच्ची वाट.

मी काकांना म्हटलं, "काका, मी ती वाट चालून येईपर्यंत वेल्डिंगचं मशीन सुरू करणार नाही." त्यांना ते फारसं आवडलं नाही.

ट्रेलर कसा होता

एका ॲक्सलचा, दोन माणसांचा ट्रेलर. पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून वजनकाट्यावर नेला तेव्हा ९६० किलो भरला. त्यातले ८५ किलो कपलरवर (ट्रेलर गाडीला अडकवायच्या पुढच्या जोडावर), म्हणजे एकूण वजनाच्या साधारण ९ टक्के. ओढायला डिझेल बोलेरो. चाकं १४ इंची, टायर १८५ रुंदीचे. भरलेल्या अवस्थेत ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३०० मिमीवर.

ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा ५० मिमीचा चौकोनी भरीव दांडा आणि पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) जुडी त्याच्या खालच्या बाजूला यू-बोल्टनं, म्हणजे यू आकाराच्या बोल्टनं, बांधलेली. रस्त्यावर ओढायच्या ट्रेलरला पाटे असे ॲक्सलखाली देण्यामागे कारण असतं. चासी खाली बसते, आत चढायला पायरी कमी लागते, वळणावर गाडी कमी डोलते. डांबरी रस्त्यासाठी ही रचना उत्तमच आहे. कच्च्या वाटेवर मात्र तीच नडते, कारण यू-बोल्टच्या नटांची टोकं ही सगळ्यात खालची जागा होऊन बसते.

हिशेब असा. ॲक्सलचा तळ २७५ मिमीवर. त्याखाली १० मिमीचं पॅड (पाटे टेकायची लोखंडी बैठक), ४० मिमीची पाट्यांची जुडी, १० मिमीची पट्टी आणि त्याखाली नट-बोल्टची २५ मिमी लांबीची टोकं. म्हणजे जमिनीपासून मोकळी जागा उरली १९० मिमी. चासी ३३० मिमीवर असली तरी उपयोग काय? शिवाय तिच्याखाली व्हॉल्व २०५ मिमीवर लोंबत होता आणि मागचे दोन टेकूपाय, दुमडलेले असतानाही, २४५ मिमीवर होते.

"ग्राउंड क्लिअरन्स किती?" असं कुणी विचारलं की लोक एक आकडा सांगतात. ट्रेलरच्या बाबतीत तरी एका आकड्यानं काही कळत नाही. चाकांजवळ ॲक्सल-पाट्यांखाली किती जागा आहे, कपलर आणि चाकं यांच्यामधल्या पोटाखाली किती आहे आणि चाकांमागे जी शेपटी लांबते ती किती अंशांचा चढ सहन करते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. या ट्रेलरची शेपटी चाकांच्या मागे १.६ मीटरवर टेकूपायांपर्यंत जात होती. २४५ मिमी उंची आणि १.६ मीटर अंतर म्हणजे जेमतेम ९ अंश. त्याहून तीव्र चढ सुरू झाला की शेपूट जमिनीला लागणार.

वाट

रविवारी सकाळी आम्ही तिघं ट्रेलर घेऊन गेलो. सोबत दोन मीटरची फळी, उतार मोजायला फोन, बांबूची एक काठी आणि बादलीभर कालवलेला चुना. डांबर संपलं तिथे थांबून मी ट्रेलरखाली शिरलो आणि व्हॉल्व, टेकूपाय, यू-बोल्ट, चासीच्या कडा या सगळ्यांना चुना फासला. जिथे घासेल तिथला चुना जाणार आणि तांबडी माती लागणार. आवाज फसवतो, चुना फसवत नाही.

बांबूच्या काठीवर १९० मिमी, २५० मिमी आणि ३०० मिमी अशा तीन खाचा होत्या. ती हातात घेऊन मी गाडीच्या पुढे चालत गेलो. प्रत्येक दगडाजवळ, प्रत्येक कडेजवळ काठी उभी करायची.

काकींची वही इथे कामाला आली. मागच्या खेपेला जिथे-जिथे आवाज आला तिथली नोंद त्यांनी केली होती. 'दुसरा वहाळ, चढताना, मागे घसरपट्टी.' 'आंब्याच्या वळणावर, डावीकडे, लोखंडावर दगड.' अशा सात नोंदी. त्यातल्या सहा जागा चुन्यानं खऱ्या ठरवल्या. कुठल्याही मेकॅनिकला एवढी नेमकी तक्रार हाती मिळाली तर त्याचं अर्धं काम झालं म्हणून समजा.

या वाटेची खोड समजून घ्यायला जांभा समजून घ्यावा लागतो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, सह्याद्रीच्या कुशीत त्याहून बराच जास्त. पाणी वाट शोधतं आणि त्याला जीपच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आयत्या मिळतात. मऊ माती वाहून जाते, चाकोरी खोल होते आणि तिच्या कडेला जांभ्याचे टणक गोटे उघडे पडतात. पाऊस संपला की तीच कड उन्हात वाळून चिऱ्यासारखी कठीण होते. म्हणून ही वाट जूनपेक्षा नोव्हेंबरमध्ये जास्त वाईट असते. पावसाळा संपला म्हणजे रस्ता सुधारला, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण खरं नुकसान झालेलं दिसतं ते तेव्हाच.

दोन पोटाच्या जागा होत्या. तिथे आडवा उंचवटा होता आणि व्हॉल्व घासत होता. काठीनं उंची दाखवली २७० मिमी. दोन शेपटीच्या जागा होत्या, दोन्ही वहाळ ओलांडून वर चढताना. फळी टाकून मोजलं तर मोठ्या वहाळाच्या तळात आणि चढात १३ अंशांचा फरक. उरलेल्या दोन जागा चाकांजवळच्या: चाकोरीची आतली कड २२० मिमी उंच आणि ती नेमकी यू-बोल्टच्या रेषेत. तिथे नटांवरचा चुना साफ गेलेला आणि बोल्टचे आटे चेपलेले.

म्हणजे वाट मागत होती: पोटाखाली २७० मिमीपेक्षा जास्त, शेपटीला १३ अंशांहून अधिक, पाट्यांजवळ २२० मिमीपेक्षा जास्त. हे आकडे हाती नसताना पाच इंच म्हणणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

आधी स्वस्तातलं काम

परतल्यावर मी ट्रेलर उचलला नाही. व्हॉल्वचा पाईप आडवा वळवून चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये वर घेतला. तो २९५ मिमीवर गेला. टेकूपायांचे ब्रॅकेट कापून चासीच्या बाजूला, ६० मिमी वर लावले. एक दिवसाचं काम. पोटाचा प्रश्न तिथेच मिटला.

शेपूट ३०५ मिमीवर आली, म्हणजे साधारण ११ अंश. लहान वहाळ सुटला, मोठा नाही. आणि पाट्यांखालच्या १९० मिमीत काहीच फरक पडला नव्हता. हे दोन प्रश्न उरले.

काकांचा जीव मोठ्या टायरवर होता. त्यांना मी खडू घेऊन शेडच्या जमिनीवर चित्र काढून दाखवलं. ॲक्सलचा दांडा जमिनीपासून खरोखर वर न्यायचा असेल तर मोठा टायर हाच एक मार्ग, हे त्यांचं बरोबर होतं. पण टायरचा व्यास ५० मिमी वाढला तर ॲक्सल वर जातो फक्त २५ मिमी. १९० चे २१५ होतील, कड २२० ची. शिवाय चाकाच्या कमानीत तेवढी जागा नव्हती. भरलेल्या ट्रेलरचे पाटे दबले की टायर कमानीला घासला असता. मोठ्या चाकावर तोच ब्रेक कमी जोर लावतो, हेही आहेच.

दुसरा मार्ग म्हणजे चासी आणि पाट्यांची टोकं धरणारे हँगर यांच्यामध्ये ७५ मिमीची चौकोनी नळी टाकायची. रबरी टॉर्शन ॲक्सल असता तर मी असंच केलं असतं. त्या ॲक्सलला पाटे नसतात, त्यामुळे ब्रॅकेटखाली ठोकळा देण्यावाचून फार पर्याय नसतो. इथे मात्र त्यानं चासी वर गेली असती आणि यू-बोल्ट होते तिथेच, १९० वर राहिले असते. लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) घालायचा सल्लाही काकांना कुणी तरी दिला होता. तो मी ऐकूनच घेतला नाही. शॅकल लांब केला की पाट्याच्या एकाच टोकाची उंची बदलते आणि ट्रेलर आडवा हलायला लागतो.

उरला तिसरा मार्ग: पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे.

यानं किती उंची मिळते ते आधी कागदावर काढता येतं. ॲक्सलची जाडी ५०, पाट्यांची जुडी ४०, खालचं पॅड १० आणि वरचं नवं पॅड १०. एकूण ११० मिमी, असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. तसं वाटतं म्हणूनच एकदा मोजून बघावं. शेडमधल्या जमिनीवर ट्रेलर उचलल्यानंतर चासी ३३० वरून ४४० वर आली, ११० मिमीच. यू-बोल्ट आता खालून ॲक्सलला मिठी मारून वर जातात आणि नट वरच्या बाजूला येतात. म्हणून सगळ्यात खालची जागा उरते ती बोल्टचा १४ मिमीचा दांडा. २७५ मधून तो वजा करा: २६१ मिमी. चाकोरीची कड २२०. सुटली.

शेपूट ३०५ वरून ४१५ वर, म्हणजे साडेचौदा अंशांच्या आसपास. तीही सुटली.

परवानगी

हात लावण्याआधी काकांना मी वाहतूक खात्यात पाठवलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं. ट्रेलर हेही या कायद्यानं वाहनच. काय करणार ते मापांसकट लिहून द्यायचं, लेखी उत्तर घ्यायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. काकांनी तिन्ही केलं. यात वेळ गेला. तो जायलाच हवा होता. अपघात झाला आणि विमा नाकारला गेला तर पाच इंचांचं कौतुक कुणाला?

काम

सोप्या दिसणाऱ्या या कामात सगळ्यात मोठा धोका असा: ॲक्सल काढून उलटा करण्याचा मोह होतो. खालचं पॅड वर आलं की नवीन पॅड वेल्ड करायचं काम वाचतं. पण पुष्कळ ॲक्सलना मुद्दाम किंचित वरचा बाक दिलेला असतो, वजन आलं की तो सरळ व्हावा म्हणून. आम्ही दोन टोकांना दोरी ताणून बघितली आणि बाक दिसला. असा ॲक्सल उलटा केला तर बाक खाली येतो, चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात आणि टायर आतल्या कडेला खाऊन टाकतात. ॲक्सल जसा होता तसाच राहिला. फक्त वरच्या बाजूला नवीन पॅड आले.

जुनी पॅड मी कापली नाहीत. चाकं दोन टोकांना आणि वजन मध्ये, म्हणून ॲक्सलचा तळ ताणाखाली असतो. तिथे ग्राइंडरची एक खाच राहिली तरी वर्षा-दोन वर्षांनी तिथूनच तडा जाऊ शकतो. नवीन पॅड वरच्या, दाबाखालच्या बाजूला येतात, ही या बदलातली चांगली गोष्ट. वेल्ड पॅडच्या लांबीला समांतर दोन बाजूंनी दिला, आडवा नाही. वेल्डिंगचे रॉड ७०१८ जातीचे. हे रॉड दमट हवेत ओल धरतात आणि मग वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. गोव्याच्या हवेत उघडं पाकीट आठवडाभर पडलं तर ते या कामासाठी वापरू नये. मी रॉड भट्टीत सुकवून, गरम असतानाच वापरले.

यू-बोल्ट सगळे नवे. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नाही, मग तो कितीही चकचकीत दिसो.

कपलर ११० मिमी वर गेला होता, म्हणून बोलेरोच्या हिचची (मागच्या ओढणीची) पट्टी बदलून, कपलर ज्यावर बसतो तो बॉल ४५० वरून ५४५ मिमीवर घेतला. १५ मिमीचा फरक मुद्दाम ठेवला. ट्रेलरचं नाक किंचित खाली राहिलेलं चालतं. नाक वर राहिलं तर कपलरवरचं वजन कमी होतं आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. स्नानघरातला वजनकाटा कपलरखाली ठेवून परत बघितलं: ८६ किलो.

आणि इथे माझी चूक झाली. चासी वर गेली, ॲक्सल तिथेच राहिला, मग चासीवरून चाकातल्या ब्रेक-ड्रमकडे जाणारी ब्रेकची केबल ताणली जाणार, हे उघड होतं. मी उजवी बदलली. डावी हातानं ओढून बघितली, ढिली वाटली, तशीच ठेवली. शेडमध्ये उभ्या ट्रेलरवर वाटलेला तो ढिलेपणा खोटा होता. उसगावपर्यंत चाचणीला गेलो, थांबून दोन्ही ड्रमना हात लावला, तर डावा चटका देणारा गरम. ब्रेक सगळ्या वाटेनं थोडा-थोडा लागलेला होता. चोर्ला घाटाच्या उतारावर हे घडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डावीही नवीन, लांब केबल टाकली आणि ट्रेलर पूर्ण भरून ब्रेक परत जुळवला.

साहित्य, केबल आणि हिचची पट्टी मिळून खर्च १४,००० रुपयांच्या आत बसला.

उंचीची किंमत

गुरुत्वमध्य वर गेला, हे काकांना मी आकड्यांत सांगितलं. चाकांमधलं अंतर १.५ मीटर. आधी गुरुत्वमध्य साधारण ८०० मिमीवर धरला तर कागदावर ट्रेलर ४३ अंश कलल्यावर उलटतो. आता तो ९०० च्या जवळ गेला, म्हणजे साडेएकोणचाळीस-चाळीस अंश. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर दबतात, आतलं सामान सरकतं, त्यामुळे खरा आकडा याहून बराच खाली असतो. वाटेवर आंब्याच्या वळणाला ११ अंशांचा आडवा कल आहे. आकड्यात तो सुरक्षित आहे, पण ट्रेलर तिथे पूर्वीपेक्षा जास्त झुकतो आणि ते आरशात दिसतं.

म्हणून सामानाची जागा बदलली. छपरावरची घडीची टेबलं खाली आली. बॅटरी आणि पाण्याचे कॅन तळाशी, ॲक्सलच्या थोडे पुढे. रस्त्यावर काकांनी ५० च्या वर जायचं नाही, असं काकींनी ठरवलं आणि ते मला फार पटलं.

आत चढायला आता एक पायरी जास्त लागते. काकींच्या गुडघ्यांचा विचार करून घडीची रुंद पायरी लावली. ट्रेलर उचलणारे बहुतेक जण ही गोष्ट विसरतात आणि मग आठवड्याभरात दारात चिरा ठेवलेला दिसतो.

दुसरी फेरी

जानेवारीत परत गेलो. निघताना शेडमध्ये, मग ६० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट तपासले. चारही बोल्टचे नट पाव ते अर्धा फेरा फिरले. नवे पॅड-बोल्ट बसताना एवढं होतंच, पण तपासलं नसतं तर ते तसेच राहिले असते. ३०० किलोमीटरनंतर पुन्हा बघितले तेव्हा हलले नाहीत.

डांबर संपलं तिथे परत चुना फासला. काकींनी या वेळी वही उघडलीच नाही. बांबूची काठी घेऊन त्या स्वतः पुढे चालल्या आणि आंब्याजवळ चाकोरीच्या कडेला काठी उभी करून काकांना डावीकडे घ्यायला सांगितलं. मोठ्या वहाळावर मी पाण्यात उभा राहून शेपूट बघत होतो. टेकूपाय आणि दगड यांच्यामध्ये दोन बोटांची जागा राहिली. कागदावर होती त्यापेक्षा कमी, कारण चढताना पाटे मागच्या बाजूला दबतात, हे मी धरलं नव्हतं.

कुळागरात पोहोचल्यावर खाली शिरून बघितलं. एका टेकूपायाच्या टोकाला बोटभर तांबडी रेघ, बाकी चुना जसाच्या तसा. काकींचे भाऊ तोवर वाटेकडे बघत म्हणाले, की मिरगाच्या आधी मोठ्या वहाळाच्या चढावर चार चिरे टाकतो. ते टाकले तर तिथला कोन दोन अंशांनी तरी कमी होईल. पण पाऊस चाकोऱ्या कुठे नेईल ते कुणी सांगावं, म्हणून दिवाळीनंतर ट्रेलर निघायच्या आधी काठी घेऊन चालायचं ठरलं आहे. काठी काकींनी ट्रेलरमध्येच, पलंगाखाली ठेवली आहे.